जुन्या पाश्चात्य नोंदींमधला चीन कसा वाचायचा

ग्रीक-रोमन लोकांना चीन माहिती होता का, असं कुणी विचारलं की लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो रोममध्ये चिनी रेशीम विकलं जायचं म्हणजे सगळं माहिती होतं, दुसरा म्हणतो अहो त्यांना वाटायचं रेशीम झाडाच्या पानांवर उगवतं, म्हणजे काहीच माहिती नव्हतं. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. मूळ नोंदी स्वतः वाचा, बहुतेकांची इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात आणि चीनबद्दलचा भाग बरेचदा दोन-चार पानांचाच असतो. फक्त वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवायचा: ही बातमी लिहिणाऱ्यापर्यंत किती हातांतून आली? माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे. प्राचीन काळातला माल आणि बातमी एकाच उंटावरून यायची, पण माल पोचेपर्यंत रेशीमच राहायचा आणि बातमी प्रत्येक बाजारात थोडी बदलायची.

सुरुवातीला आशियाचा एक कोरा नकाशा प्रिंट करून घ्या आणि दोन रंगांची पेनं. एक रंग खुष्कीच्या मार्गाला, एक समुद्राला. खुष्कीवर अँटिओक, मर्व्ह, बल्ख, काशगर, तुन्हुआंग आणि चांगआन म्हणजे आजचं शीआन एवढ्या खुणा करा. समुद्रावर अलेक्झांड्रिया, तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके, भडोच, मलबार, मलाय द्वीपकल्प, व्हिएतनामचा किनारा आणि ग्वांगचौ. बाकीचं वाचत वाचत भरत जाईल.

आधी बघा बातमी कोणत्या वाटेनं आली

ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांत चीनसाठी एक नाव नाही, दोन आहेत, आणि ती दोन वेगळ्या देशांची नावं म्हणून येतात. खुष्कीनं बातमी आली की लोक 'सेरेस', समुद्रानं आली की 'थिना' किंवा 'सिनाई'. टॉलेमीनं इ.स. १५० च्या आसपास जो भूगोल लिहिला त्यात तर हे दोन शेजारी देश आहेत, उत्तरेला सेरिके आणि त्याच्या दक्षिणेला सिनाई. आपल्याला उत्तर आधीच माहिती असल्यामुळे हात शिवशिवतो की दोन्हीकडे सरळ 'चीन' लिहून टाकावं, पण तसं करू नका. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोन देश होते तर तुमच्या नकाशावरही दोनच असू देत, नाहीतर पुढचा सगळा गोंधळ का झाला ते कळणारच नाही. शिवाय 'सेरेस' म्हणजे प्रत्येक वेळी चिनीच असंही धरू नका. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी, त्यानं सिंहलद्वीपाहून आलेल्या दूतांच्या तोंडची सेरेस लोकांची माहिती दिलीय, त्यात ते उंच, तांबड्या केसांचे आणि निळ्या डोळ्यांचे आहेत. म्हणजे रेशमाच्या वाटेवर मध्ये जो कुणी माल विकायला उभा होता तोही बघणाऱ्यांच्या लेखी सेरेसच झाला असणार.

मग साक्षीदार कुठे थांबतो ते शोधा

याचा सराव करायला 'पेरिप्लस'सारखं पुस्तक नाही. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेलं, नाव माहिती नाही, पण माणूस स्वतः फिरलेला आहे हे वाक्यावाक्याला कळतं. भडोचच्या खाडीतली भरती किती भयंकर असते, जहाज आत घ्यायला स्थानिक वाटाडे कसे होड्या घेऊन येतात, पैठण भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर, तिथून गाड्यांमधून काय काय माल येतो, सगळं बारकाईनं. आणि मग तो पूर्वेकडे जायला लागतो तसतशी त्याची वाक्यं बदलतात. गंगेच्या पुढे सोन्याचं बेट, त्याच्याही पुढे समुद्र संपतो तिथे आत कुठेतरी थिना नावाचं मोठं शहर, तिथून कच्चं रेशीम, रेशमाचं सूत आणि कापड बल्खमार्गे भडोचला येतं, शिवाय गंगेवरून तमिळ देशातही जातं, पण थिनाला जाणं सोपं नाही आणि तिथून येणारी माणसंही फार थोडी.

इथे नकाशावर काय करायचं? भडोच आणि मलबारपर्यंत अखंड रेघ, गंगेच्या मुखापासून पुढे तुटक. एवढ्यानंच अर्धं काम होतं. आणि बघा, सांगोवांगीचा भाग आहे म्हणून तो खोटा नाही. रेशीम बल्खमार्गे भडोचला येतं ही गोष्ट अगदी बरोबर आहे, कारण रेशमाची गाठोडी त्यानं बंदरात पाहिली असणार आणि ती कुठून आली हे विचारणं हा त्याचा धंदाच होता. व्यापाऱ्याला मालाची वाट नीट माहिती असते, मालामागचा देश नाही, हे एकदा लक्षात आलं की बऱ्याच नोंदी आपोआप उलगडतात.

आकडे आले की मोजलेला आणि काढलेला वेगळा करा

आता टॉलेमी. हा भाग थोडा किचकट आहे पण मला सगळ्यात जास्त आवडणारा हाच. माएस टिटियानस नावाचा एक मॅसिडोनियन व्यापारी होता, त्यानं आपली माणसं सेरेसच्या देशात पाठवली होती. तो स्वतः गेला नव्हता. युफ्रेटिस ओलांडायची, मग एकबाताना, कॅस्पियन दरवाजा, मर्व्ह, बल्ख, डोंगराळ प्रदेश आणि मग 'पाषाण मनोरा' नावाचं ठिकाण, तिथून पुढे सेरा ही राजधानी. माणसांनी परत येऊन सांगितलं की मनोऱ्यापासून सेरापर्यंत सात महिने लागतात. टॉलेमीच्या आधीचा भूगोलकार, टायरचा मरिनस, यानं या सात महिन्यांचं अंतर काढलं ३६,२०० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचं अंतराचं माप). टॉलेमी म्हणाला हे फारच झालं, रस्ता सरळ नसतो, वादळवारं असतं, मध्ये थांबावं लागतं, आणि त्यानं आकडा सरळ निम्मा करून १८,१०० केला.

आता सांगा, यातला खरा आकडा कोणता? माझ्या लेखी फक्त 'सात महिने'. स्टेडिया कुणी मोजलेलेच नाहीत, ते टेबलावर बसून काढलेत. म्हणून असं काही वाचलं की दिवस आणि महिने वहीत वेगळे लिहा, मैल आणि स्टेडिया वेगळे, आणि दोन्हीत भांडण झालं तर दिवसांवर विश्वास ठेवा. टॉलेमीची आणखी एक तक्रार वाचण्यासारखी आहे, तो म्हणतो की एवढ्या लांबच्या प्रवासातून दिवसांच्या संख्येखेरीज नोंद घेण्यासारखं काहीच आलं नाही. म्हणजे त्यालाही कळत होतं की आपण कशावर इमारत उभी करतोय.

निम्मं करूनही ते जास्तच राहिलं. कॅनरी बेटांपासून सेरेस-सिनाईच्या टोकापर्यंत मरिनसनं धरले होते २२५ अंश, टॉलेमीनं सुमारे १८० वर आणले, आणि आजच्या नकाशावर कॅनरी ते शीआन मोजा, १३० सुद्धा भरत नाहीत. पुढे कोलंबसला मरिनसचा मोठा आकडा पटला, कारण आशिया पूर्वेला जितका लांब पसरलेला तितका तो पश्चिमेकडून जवळ. माएसच्या माणसांनी सांगितलेल्या त्या प्रवासाच्या दिवसांचा परिणाम चौदाशे वर्षांनी अटलांटिकमध्ये झाला, हे मला अजूनही थक्क करतं.

आकड्यांबद्दलच एक सावधगिरी. प्लिनीचे दरवर्षीचे दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) सगळीकडे फिरत असतात, 'चिनी रेशमापायी रोमचं एवढं सोनं जायचं' म्हणून. मूळ वाक्यात भारत, सेरेस आणि अरबस्तान असे तिघं मिळून आहेत, आणि ओघ चाललाय मोती आणि सुगंधी द्रव्यांचा. प्लिनी चैनीवर चिडलेला होता हेही विसरू नका.

चमत्कारिक गोष्टी फेकून देऊ नका

रेशीम पानांवरून विंचरून काढतात, हे व्हर्जिलच्या कवितेत आहे आणि प्लिनीतही. दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी लिहितो की नाही, हे झाडाचं नाही, एक आठ पायांचा किडा असतो, सेरेस लोक त्याला घरात पाळतात, चार वर्षं बाजरीसारखं धान्य घालतात, पाचव्या वर्षी बोरू खायला देतात, तो खाऊन खाऊन फुटतो आणि पोटात धागा सापडतो. तपशील जवळजवळ सगळे चुकलेत, पण किडा आहे, पाळतात, खाऊ घालतात आणि शेवटी तो मरतो, हे चारही मुद्दे बरोबर. मधल्या काळात कुणीतरी, कुठल्यातरी बाजारात, कुणाला तरी नीट सांगितलं होतं एवढं यावरून कळतं. वहीत अशा नोंदीचे दोन रकाने करा, काय टिकलं आणि काय वाटेत बदललं. पूर्ण उलगडा व्हायला इ.स. ५५२ च्या आसपासपर्यंत थांबावं लागलं, तेव्हा काही साधूंनी रेशीमकिड्यांची अंडी बायझंटाइन सम्राट जस्टिनियनकडे आणून दिली, असं त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो.

अम्मियानुस मार्सेलिनुस हा रोमन इतिहासकार चौथ्या शतकात लिहितो की सेरेसचा देश उंच भिंतींनी गोल वेढलेला आहे. पुष्कळ लोक इथे चीनची भिंत सापडली म्हणून उड्या मारतात. मागचं-पुढचं वाचा, तो डोंगरांच्या कड्यांबद्दल बोलतोय.

समोरच्या बाजूचा कागद मागा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. चिनी इतिहासग्रंथांत पश्चिमेबद्दल काय लिहिलंय ते बाजूला ठेवून वाचलं तर मधला माणूस स्पष्ट दिसायला लागतो. इ.स. ९७ मध्ये सेनापती बान चाओनं गान यिंग नावाच्या दूताला रोमकडे, त्यांच्या भाषेत 'दा चिन'कडे, पाठवलं. तो पार समुद्रापर्यंत पोचला. तिथे पार्थियाच्या, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याच्या, खलाशांनी त्याला सांगितलं की वारा चांगला असेल तर तीन महिने, नसेल तर दोन वर्षंही लागतात, म्हणून लोक तीन वर्षांचा शिधा घेऊन निघतात, आणि समुद्रावर घरची आठवण येऊन माणसं मरतात सुद्धा. गान यिंग मागे फिरला. पार्थियाचं उत्पन्नच मुळी दोघांच्या मध्ये उभं राहण्यात होतं, हान काळाचा चिनी इतिहासही सांगतो की रोमला थेट दूत पाठवायचे होते पण पार्थियाला रेशमाचा व्यापार आपल्या हातात ठेवायचा होता. हे वाचल्यावर मग पेरिप्लसमधलं 'थिनाला जाणं सोपं नाही' परत वाचा.

त्याच ग्रंथात १६६ सालची नोंद आहे: दा चिनचा राजा 'आनदून' याचे दूत दक्षिणेकडून, आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून आले, हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आणि कासवाची पाठ घेऊन. तेव्हा रोममध्ये मार्कस ऑरेलियस अँटोनायनस गादीवर होता, नाव जुळतं, साल जुळतं. पण भेटी बघा, यातली एकही वस्तू खास रोमची नाही, सगळा माल दक्षिणेच्या समुद्रावर मिळणारा. चिनी लेखकालाही ते खटकलंय. म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात हे सम्राटाचे दूत नसून सम्राटाचं नाव सांगणारे व्यापारी असावेत. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात ऑक एओ इथे अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस यांची रोमन पदकं सापडलीत, तेव्हा समुद्राच्या रंगाची रेघ तिथपर्यंत न्यायला हरकत नाही.

उलट्या दिशेचं उदाहरण सातव्या शतकातलं. थिओफिलॅक्ट सिमोकाटा हा बायझंटाइन इतिहासकार 'तौगास्त' नावाच्या देशाबद्दल लिहितो: मोठ्या नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं, एकाचे लोक काळे कपडे घालायचे, दुसऱ्याचे तांबडे, आणि सम्राट मॉरिसच्या काळात काळेवाले नदी ओलांडून गेले आणि सगळा देश एक झाला. परीकथा वाटते ना? मॉरिसचं राज्य ५८२ ते ६०२. आणि ५८९ साली सुई घराण्याच्या फौजेनं यांगत्से ओलांडून दक्षिणेचं चेन राज्य जिंकलं. तुर्कांमार्फत आलेली ही बातमी चीनचं नावसुद्धा नीट न सांगता चीनच्या राजकारणातली त्या शतकातली सगळ्यात मोठी घटना अचूक सांगते. असा एक ताळा जमला की पुढे वाचायची भूक आपोआप वाढते.

मधल्या माणसांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर सोग्दियन पत्रं वाचा. समरकंदकडच्या या व्यापाऱ्यांची चौथ्या शतकाच्या सुरुवातीची पत्रं तुन्हुआंगजवळच्या एका टेहळणी बुरुजात पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला १९०७ मध्ये सापडली. माल अडकलाय, लोयांग जळलंय, पैसे पाठवा, नवरा टाकून गेला, असं सगळं त्यात आहे. रोम आणि चीन यांच्यातलं अंतर प्रत्यक्षात अशा माणसांनी तुकड्यातुकड्यांत चाललेलं होतं.

मंगोल काळापासून प्रश्न बदलतो

तेराव्या शतकात मंगोलांनी काळ्या समुद्रापासून चीनपर्यंत सगळा मुलूख एका छत्राखाली आणला आणि मधले दलाल बाजूला झाले. आता युरोपातली माणसं स्वतः जायला लागली, तेव्हा 'किती हातांतून' याच्या जोडीला 'हा नेमका कुठे उभा होता' हे विचारायचं. कार्पिनी (१२४५ ते ४७) आणि रुब्रुक (१२५३ ते ५५) हे फ्रान्सिस्कन साधू दोघंही मंगोलियापर्यंतच गेले, चीनमध्ये नाही. तरीही रुब्रुक कमालीचा बघणारा आहे. काराकोरम या मंगोल राजधानीत भेटलेल्या लोकांवरून त्यानं लिहिलं की हे कॅथेचे (म्हणजे उत्तर चीनचे) लोक म्हणजेच जुन्या काळचे सेरेस, हे लोक कुंचल्यानं लिहितात आणि एका आकृतीत पूर्ण शब्द बसवतात, त्यांचं चलन कागदाचं आहे. शिवाय कॅस्पियन हा बंद समुद्र आहे, महासागराचा फाटा नाही, हेही स्वतः फिरून सांगितलं.

मार्को पोलो १२७१ ला निघाला, १२९५ ला परतला, आणि १२९८ च्या सुमारास जिनोव्हाच्या तुरुंगात रुस्तिकेलो या कथालेखकाला त्यानं सगळं सांगितलं. म्हणजे इथेही दुसरा हात आलाच. किन्साईचे म्हणजे हांगचौचे बारा हजार पूल वाचून पुस्तक मिटू नका आणि 'चहा नाही, भिंत नाही, मग तो गेलाच नव्हता' यावरही लगेच विश्वास ठेवू नका. आज फोटोत दिसते ती दगडी-विटांची भिंत मुख्यतः नंतरच्या मिंग काळातली, आणि पोलो वावरला मंगोल दरबारात. त्यापेक्षा हे बघा: परतीच्या प्रवासात इराणच्या अर्घून खानासाठी वधू घेऊन जाणारे तीन दूत होते असं तो नावांसकट सांगतो, आणि तीच तीन नावं १२९० च्या एका चिनी सरकारी कागदात आहेत. तो कागद पोलोच्या हाती लागण्याची शक्यता शून्य. मला हा पुरावा बाकी सगळ्या वादांपेक्षा जड वाटतो.

समुद्राच्या रेघेसाठी ओडोरिक घ्या. हा फ्रान्सिस्कन साधू आपल्या ठाण्याला उतरला होता, १३२१ साली तिथे मारल्या गेलेल्या चार साधूंच्या अस्थी घेऊन तो पुढे झैतून म्हणजे च्वानचौपर्यंत गेला. पाणकावळ्यांकडून मासे धरून घेणं आणि बायकांचे पाय बांधणं या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे आहेत, पोलोकडे नाहीत.

आणि पेगोलोत्ती

हा फ्लोरेन्सच्या बार्दी पेढीचा माणूस, स्वतः चीनला कधीच गेला नाही, पण १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठी त्यानं जी वही लिहिली त्यात कॅथेचा रस्ता मुक्कामांसकट आहे. हा नकाशावर प्रत्यक्ष काढा. अझोव्हच्या समुद्रावरचं ताना ते आस्त्राखान बैलगाडीनं पंचवीस दिवस, तिथून सराईला नदीनं एक, सराईचिकला आठ, उर्गेंचला उंटगाडीनं वीस, ओत्रारला पस्तीस ते चाळीस, अल्मालिकला गाढवांवरून पंचेचाळीस, गानचौला सत्तर, पुढे घोड्यावरून एका नदीपर्यंत पंचेचाळीस, आणि किन्साईहून खानबालिक म्हणजे बीजिंगला तीस. बेरीज करा, साधारण नऊ महिने येतात. माएसच्या सात महिन्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा (ते नुसते मनोऱ्यापासून पुढचे होते), म्हणजे त्या जुन्या सांगण्याला किती ताण दिला होता ते कळेल.

त्याचे सल्ले तर सोन्यासारखे आहेत. दाढी वाढवा. तानामध्ये दुभाष्या घेताना पैसे वाचवायला जाऊ नका, चांगला महाग पडला तरी परवडतो. पीठ आणि खारवलेले मासे बरोबर घ्या, मांस वाटेत मिळतं. कॅथेत तुमची चांदी सरकारजमा होते आणि बदल्यात शिक्का मारलेला पिवळा कागद मिळतो, त्यावर माल बिनतक्रार मिळतो आणि कागद आहे म्हणून भाव चढा लावत नाहीत. रस्ता रात्रंदिवस सुरक्षित आहे, मात्र एक खान मरून दुसरा बसेपर्यंत सांभाळा. आणि व्यापारी वाटेत मेला तर माल तिथला राजा घेतो, सोबत भाऊ किंवा भाऊ म्हणवणारा साथीदार असेल तरच वाचतो. ऐकीव माहिती इतकी पक्की कशी? कारण सांगणारे आपलेच लोक होते, एकाच हातातून आलेली, आणि चुकीची निघाली तर पेढीचं नुकसान. इटालियन व्यापारी खरंच तिथे राहत होते याचा दगडी पुरावाही आहे, यांगचौमध्ये कातेरीना व्हिलिओनी या मुलीचा १३४२ चा थडग्याचा दगड सापडलाय.

शेवटी तारीख तपासा

माहिती खरी असून शिळी असू शकते. १३६८ मध्ये मंगोलांचं युआन घराणं गेलं, मिंग आले. १३७५ च्या कातालान नकाशात मात्र कॅथेमध्ये अजून महान खानच राज्य करतोय, आणि १४९२ मध्ये कोलंबस त्याच खानासाठी पत्र घेऊन निघतो. नकाशा कोणत्या साली काढला त्याच्या शेजारी त्यातली बातमी कोणत्या सालची ते लिहायची सवय लावा, मध्ये शंभर वर्षं सहज निघतात.

पोर्तुगीज समुद्रानं चीनला पोचले तेव्हा परत तोच जुना प्रकार झाला, समुद्राकडून 'चीन', खुष्कीकडून 'कॅथे', आणि दोन वेगळे देश. बीजिंगमध्ये राहणाऱ्या मातेओ रिची या जेझुइट (ख्रिस्ती धर्मप्रचारक संघातल्या) साधूला खात्री होती की दोन्ही एकच, पण लोकांना पटेना. म्हणून जेझुइटांनी बेंतो द गोइशला आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेशात १६०२ च्या अखेरीला आग्र्याहून खुष्कीनं पाठवला. काबूल, यारकंद करत तो चालला असताना वाटेत त्याला बीजिंगहून परतणारे मुसलमान व्यापारी भेटले, त्यांनी रिचीला प्रत्यक्ष पाहिलं होतं. गोइश भिंतीच्या आतल्या सूचौला, म्हणजे आजच्या च्युच्वानला पोचला आणि १६०७ मध्ये तिथेच वारला, रिचीनं पाठवलेला माणूस त्याच्यापर्यंत पोचल्यानंतर काही दिवसांनी. त्याची वाट खुष्कीच्या रंगानं अखंड काढा आणि च्युच्वान ते बीजिंग हा तुकडा जोडा.

वाचनाचा क्रम विचाराल तर काळानुसार जाऊ नका. आधी पेगोलोत्तीची ती दोन-तीन पानं, मग पेरिप्लसचा शेवटचा भाग, मग रुब्रुक, आणि टॉलेमीचा पहिला खंड सगळ्यात शेवटी, तोपर्यंत त्याच्या आकड्यांशी भांडायची तयारी झालेली असेल.